चहाआधीचा एक तास

फोन आला तेव्हा सहा वाजून बावन्न मिनिटं झाली होती. शेतकी खात्याच्या कामासाठी मी आदल्या दिवशी औरादला मुक्कामाला गेलो होतो आणि बसस्टँडसमोरच्या हॉटेलात उभा होतो. पलीकडून माझी पत्नी शोभा बोलत होती. "अक्काला हलवून बघितलं, उठंनात," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, पूजा झाली का? अशा वेळी कुणी हे विचारणार नाही. पण आमच्या घरात सकाळचं घड्याळ अक्काच्या पूजेवर लागलेलं होतं, म्हणून तोंडातून तेच आलं. शोभा म्हणाली, "पूजा झालीया, गोळी घेतलीया. दूध तसंच झाकून हाय." म्हणजे अक्का सहा ते सातच्या मध्ये गेली, बीदरजवळच्या नौबादच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीत बसल्या बसल्या. डॉक्टरांनी हृदयाचा झटका लिहिलं. वय सहासष्ट. या गोष्टीला आता सात आठवडे झाले.

महानंदा ही माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आम्ही तिला अक्का म्हणायचो आणि ती मला तम्मा. कन्नडमध्ये धाकट्या भावाला तम्मा म्हणतात; आमच्याकडे मराठी बोलतानाही तोच शब्द येतो. तिला कमलनगरला दिलं होतं. बत्तिसाव्या वर्षी नवरा गेला, मूल नव्हतं. सासरच्यांनी रस्त्याकडची एक खोली दिली. तिथे तिने शिलाई मशीन टाकली आणि पुढची पंचवीस वर्षं कमलनगरच्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या बायकांचे ब्लाऊज शिवले. तिच्याकडे मापांची एक वही होती, एकेका बाईला एकेक पान. छाती, कंबर, बाही, मुंढा, सगळं इंचात. पण वही ती क्वचितच उघडायची. जीपमधून उतरणाऱ्या बाईला लांबून बघून म्हणायची, "दिवाळीपासून अर्धा इंच वाढलीस की." बाई लाजायची, आणि माप खरोखर अर्धा इंच वाढलेलं असायचं. मला आकड्यांची गोडी लागली ती तिच्यामुळे. मी शाळेत जायच्या आधी, ती माहेरी शिवण शिकत असताना, तिच्या टेपवर साठपर्यंत मोजायला शिकलो होतो. पुढे नोकरीही तशीच मिळाली. गेली अठ्ठावीस वर्षं मी तालुक्यातल्या पर्जन्यमापकांचे आकडे गोळा करतो.

नऊ वर्षांपूर्वी तिने एका लग्नाचा ब्लाऊज बिघडवला. मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो घेर, पाऊण इंच कमी कापला गेला. कापड नवरीच्या मामाने आणलेलं, दुसरं मिळण्यासारखं नव्हतं. पंचवीस वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं. त्यानंतर तिने स्वतःकडे नीट बघायला सुरुवात केली. बोटांना सकाळी मुंग्या यायच्या, सुई धरली की पडायची. मार्चच्या उन्हातही अंगावर शाल लागायची. आवाज बसलेला असायचा. दुपारी मशीनवर डोकं टेकवून झोप लागायची आणि गिऱ्हाईक दारात उभं राहून परत जायचं. सगळ्यात शेवटी तिने टेप गळ्याभोवती घेतला. तिच्या वहीत शेवटच्या पानावर 'मी' असं लिहिलेलं एक पान आहे. त्यात गळा साडेतेरा होता. आता तो सव्वाचौदा भरला. तेव्हा तिने मला फोन केला. म्हणाली, "तम्मा, माझं माप चुकायलंय. येऊन जा."

उदगीरला रक्त तपासलं. थायरॉइडचा जो आकडा चारच्या-साडेचारच्या आत असायला हवा, तो तिचा अडतीस आला. डॉक्टर म्हणाले, काही घाबरण्यासारखं नाही, गळ्यातली ग्रंथी कमी काम करते आहे, रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची, बहुधा जन्मभर. आम्हाला हायसं वाटलं. एक आजार, एक गोळी, एक आकडा. मी घरी येऊन एक वही केली. तारीख, गोळीची ताकद, आकडा, असे तीन रकाने. मला वाटलं होतं, चार-पाच ओळींत आकडा खाली येईल आणि वही संपेल. साडेतीन वर्षांत त्या वहीत सतरा ओळी झाल्या. अडतीसचे एकोणीस झाले, एकोणिसाचे अकरा, अकराचे परत सोळा. गोळी पन्नासची पंचाहत्तर झाली, मग शंभर, मग सव्वाशे. आकडा एकदा नऊवर आला म्हणून सगळे खूश झालो, आणि श्रावण संपल्यावर बघितलं तर बावीस. दर वेळी डॉक्टर विचारत, उपाशीपोटी घेता ना? अक्का म्हणायची, व्हय. ते गोळी वाढवत किंवा आम्ही डॉक्टर बदलायचं ठरवायचो. उदगीर झालं, बीदर झालं, मग कलबुर्गी.

दरम्यान बाकीचे उपाय चालूच होते. ज्याला गळा आहे त्या प्रत्येकाकडे थायरॉइडचा एक उपाय असतो, असं मला त्या काळात वाटायला लागलं होतं. कुणी धन्याचं पाणी सांगितलं, ते ती चार महिने प्याली. कुणी कोबी सोडायला सांगितला. तो तिला तसाही आवडत नव्हता, तेवढं पथ्य मात्र तिने आनंदाने पाळलं. उदगीरकडच्या एका खेड्यातल्या वैद्याने काढा दिला आणि गोळी बंद करा म्हणाला. तीन महिने तिने गोळी बंद केली. त्या वेळचा आकडा एकेचाळीस आहे. त्या तीन महिन्यांत तिचा चेहरा इतका सुजला की कमलनगरच्या स्टँडवर मी तिच्या शेजारून पुढे निघून गेलो. तिनेच हाक मारली. गुडघ्याच्या डॉक्टरांनी मधेच कॅल्शियमची गोळी सुरू केली होती, तीही त्यात होती. आणि शिवणकाम... ते हळूहळू थांबत गेलं. आधी लग्नाचे ब्लाऊज घेणं बंद केलं, मग बाह्यांचे, मग नुसतं फॉल-पिको, मग तेही नाही. ती म्हणायची, जेवायला दोन भाकरी कुणीबी देईल, पण हात रिकामे ठेवून कसं बसू. तिच्यासाठी हा आजार गळ्याचा नव्हता, बोटांचा होता.

आता जे सांगायचं आहे ते मला सांगायला आवडत नाही, पण वगळलं तर हा लेख खोटा होईल. बावीसचा आकडा आल्यावर बीदरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, सव्वाशेच्या गोळीवर एवढा आकडा म्हणजे पेशंट गोळी घेतच नाही, असं बहुतेक वेळा असतं. मी पुढच्या रविवारी कमलनगरला गेलो. अक्का पाणी आणायला आत गेली तेवढ्यात बाटलीतल्या गोळ्या वर्तमानपत्रावर ओतून मोजल्या. शंभरची बाटली, उघडून एकोणसत्तर दिवस झालेले, राहायला हव्यात एकतीस. एकतीस होत्या. मला समाधान वाटायला हवं होतं. त्याऐवजी डोक्यात आलं की मोजून बाहेर टाकणाऱ्याचाही हिशेब बरोबरच येतो. ती तांब्या घेऊन दारात उभी होती. मी विचारलं, "अक्का, गोळ्या बरोबर भरतात. मग आकडा का येत नाही? टाकून तर देत नाहीस?" तिने तांब्या खाली ठेवला. "तू माझ्याकडं रेशन दुकानदारावानी बघायलास," ती म्हणाली. मग पाणी भांड्यात ओतून माझ्यासमोर सरकवलं आणि म्हणाली, "मोजून झाल्या असल्या तर बाटलीत भर. हात धुतलेले हाईत का?"

मी तरीही माझंच पुढे दामटलं. सहा आठवडे नौबादला माझ्याकडे राहा, गोळी मी माझ्या हाताने देतो, मग बघू, असं म्हणालो. ती भांडली नाही. पिशवीत दोन साड्या, पूजेचं ताट आणि वही घेऊन आली. आम्ही लिंगायत; आमच्याकडे इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. घरात आता सगळे ते पाळत नाहीत, मी तर नोकरी लागल्यापासून सोडलं, पण अक्काने एक दिवस चुकवला नव्हता. पहाटे आंघोळ, कपाळाला विभूती, तळहातावर लिंग घेऊन पूजा, मग तीर्थ, मग लिंगाला दाखवलेलं वाटीभर साखरदूध प्रसाद म्हणून प्यायची. ते झालं की माझ्याकडे तळहात पुढे करायची. मी त्यावर गोळी ठेवायचो, गुडघ्याचीही त्याच वेळी, म्हणजे विसरायला नको. ती गिळायची आणि तोंड उघडून मला दाखवायची. पहिल्या दिवशी तिने तोंड उघडलं तेव्हा मी म्हणालो, याची गरज नाही. ती म्हणाली, "असू दे. तुझ्या वहीत लिहायला बरं." बेचाळीस दिवस हे चाललं. बेचाळीस गोळ्या मी मोजून दिल्या. आकडा आला चोवीस.

त्या कागदाकडे मी किती वेळ बघत बसलो ते मी मोजलं नाही. ती खोटं बोलत नव्हती, एवढंच त्यातून सिद्ध होत होतं. बाकी काही कळत नव्हतं. आम्ही कलबुर्गीला आणखी एका मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे रक्त घ्यायला एक वयस्क नर्स होती. तिने दंडाला रबर बांधलं, शीर शोधता शोधता अक्काच्या कपाळावरच्या विभूतीच्या तीन रेघा बघितल्या आणि कन्नडमध्ये विचारलं, पूजा करून निघालात वाटतं? अक्का म्हणाली, त्याशिवाय निघत नाही. गोळी घेतली? अक्का म्हणाली, "आज रक्त द्यायच्या आधी नको म्हणालाव म्हणून सोबत आणलीया." आणि रोज कधी घेता? "रोज प्रसाद झाला की लगेच." नर्सचा हात थांबला. तिने विचारलं, प्रसाद कशाचा? अक्का म्हणाली, दुधाचा. नर्स म्हणाली, म्हणजे गोळी तुम्ही दुधावर घेता. अक्काला हे पटलं नाही. "दुधावर न्हाई," ती म्हणाली, "प्रसादावर."

मी तिथेच उभा होतो आणि पहिल्या क्षणी मलाही अक्काचंच बरोबर वाटलं. हे मुद्दाम लिहितो, कारण सगळी चूक यातच होती. आमच्याकडे प्रसाद म्हणजे खाणं नव्हे. प्रसाद घेऊनही माणूस उपाशीच असतो. उपासाच्या दिवशी कुणी प्रसादाला नाही म्हणत नाही. सतरा वेळा डॉक्टरांनी विचारलं होतं, उपाशीपोटी घेता ना, आणि सतरा वेळा तिने खरंच उत्तर दिलं होतं. मी बेचाळीस सकाळी हातात गोळी घेऊन, ती दूध संपवायची वाट बघत समोर उभा होतो आणि मला ते दूध दिसलं नव्हतं. माझ्या नोकरीतला पहिला धडा असा आहे : एखाद्या गावाचा पाऊस शेजारच्या गावांपेक्षा सारखा कमी दिसू लागला, तर आभाळाला बोल लावायचा नाही, लिहिणाऱ्याला लबाड म्हणायचं नाही, आधी जाऊन बघायचं की मापकावर झाडाची फांदी तर आली नाही. हे मी नव्या पोरांना शिकवतो. बहिणीच्या बाबतीत मी फक्त आकडे लिहीत बसलो. डॉक्टरांनी मग नीट समजावलं. ही गोळी अंगात जायला पोट खरोखर रिकामं लागतं. दूध तिला अडवतं, कॅल्शियमची गोळी त्याहून जास्त अडवते. त्यात दूध रोज सारखं नाही; सोमवारी जास्त, श्रावणात त्याहून जास्त. आकडा नाचत होता तो त्यामुळे. घरी येऊन वही काढली, तर श्रावणाच्या तारखा बरोबर जुळल्या.

परतीची बस हुमनाबादला पोचली. मग मी म्हणालो, "अक्का, मी चुकलो." ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "कितीनं?" मला हसू आलं. ती पुढे म्हणाली, "गोळ्या मोजल्यास त्याचं काय न्हाई. मी बी दुसऱ्या दर्जीनीचं माप परत घेतेच की. पण मी आत असताना मोजायलास... माझ्यासमोर मोजायचं होतंस."

पुढचा प्रश्न पूजेचा होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उठल्या उठल्या पाण्याबरोबर गोळी घ्या. अक्का म्हणाली, पूजेआधी पाणी नाही. झोपताना घ्यायचा दुसरा मार्गही सांगितला होता, पण जेवणानंतर तीन तास जागं राहणं तिला जमत नव्हतं. मी म्हणालो, अप्पाजींना विचारू. अप्पाजी म्हणजे आमच्या घराण्याचे जंगम गुरू, ऐंशीच्या घरातले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, मला बी तीच गोळी हाय. मी पूजेच्या आधीच घेतो. औषधाला काय दोष न्हाई." मला वाटलं, प्रश्न मिटला. अक्का पाया पडली, बाहेर आली आणि म्हणाली, "त्यांचं त्यांच्यापाशी. मला न्हाई जमायचं." दोन दिवस तिने विचार केला आणि तिसऱ्या दिवशी तोडगा तिनेच काढला. लिंगावरचं तीर्थ हे पाणीच आहे, आणि ते पूजेनंतरचं आहे. गोळी तीर्थाबरोबर घ्यायची. मग एक तास काही नाही. दुधाचा नैवेद्य तासाने दाखवायचा. मी विचारलं, देवाला चालेल का? ती म्हणाली, "तास काय, तो माझ्यासाठी साडेतीन वर्षं थांबलाय." गुडघ्याची गोळी दुपारच्या जेवणावर ढकलली. दोन महिन्यांनी आकडा आला सहा पूर्णांक एक. त्याच्या पुढचा तीन पूर्णांक दोन. पुढे आकडा गरजेहून खाली जाऊ लागला, तेव्हा सव्वाशेची गोळी कमी करून पंचाहत्तरवर आणावी लागली.

पाच-सहा महिन्यांत बोटं परत आली. ती कमलनगरला गेली, खोली झाडली, मशीनला तेल घातलं, आणि ज्या नवरीचा ब्लाऊज बिघडला होता तिला शोधून काढून एक ब्लाऊज शिवून दिला. नवरी तोवर दोन मुलांची आई झाली होती, मुंढा नव्याने मोजावा लागला. तीन वर्षं तिने परत पूर्ण काम केलं. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांमुळे एकटीला पाणी भरणं जमेना, तेव्हा मशीनसकट नौबादला आली. आणि सहा ते सात हा तास आमच्या घराचा झाला. तोंडात काही घालायचं नाही म्हटल्यावर बोलण्याखेरीज करायचं काय? ती वेताच्या खुर्चीत बसायची, मी समोर. शोभाने सहाचा चहा सातवर नेला. अक्कासमोर आपण कप घेऊन बसणं तिला बरं वाटेना. सुरुवातीला मी कुरकुरलो. मग त्या तासात मला अशा गोष्टी कळल्या ज्या पन्नास वर्षांत विचारल्या नव्हत्या : नवरा गेल्यावर पहिलं गिऱ्हाईक कोण आलं, मशीनचा पहिला हप्ता कसा गेला, मला शिकायला बीदरला पाठवताना आईने काय विकलं. कधी कधी ती नुसती घड्याळाकडे बघायची आणि म्हणायची, "अजून बावीस मिनिटं. बोल काही तरी, तम्मा."

मातीच्या वेळी आमच्या रीतीप्रमाणे इष्टलिंग तिच्या तळहातावर ठेवलं. ते तिच्याबरोबर गेलं. तेराव्यानंतर मी बीदरच्या हृदयाच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं, त्या साडेतीन वर्षांत आकडा चढा राहिला, त्याने हृदयावर परिणाम झाला असेल का, किती झाला असेल? ते म्हणाले, थोडा झाला असेल, नसेलही, वय होतं, रक्तदाब होता. याला आकडा लावता येत नाही. मी दोनदा वेगळ्या शब्दांत विचारलं. त्यांनी दोन्ही वेळा तेच सांगितलं. बहुधा ते बरोबर आहेत. मी माझ्या वहीत शेवटच्या ओळीखाली रेघ मारली नाही, तेवढंच.

गोळ्यांची बाटली पूजेच्या फडताळात ताटाशेजारी आहे. ती उघडून किती दिवस झाले होते ते मला माहीत आहे, किती राहायला हव्यात तेही माहीत आहे. मी ती उघडलेली नाही.

परवा शोभा म्हणाली, आता चहा सहाला करायला काही हरकत नाही, तुम्हाला आधी तसाच लागायचा. मी म्हणालो, कर. दुसऱ्या दिवशी सहाला उठून स्वयंपाकघरात गेलो. दूध ओट्यावर होतं, पातेलं धुऊन ठेवलेलं होतं, गॅस पेटलेला नव्हता. शोभा स्टुलावर हात मांडीवर घेऊन बसली होती. मी विचारलं, "कामून?" ती म्हणाली, "सात वाजू देत." मी पुढच्या खोलीतून माझी खुर्ची आणली आणि तिच्यासमोर बसलो. घड्याळात सहा वाजून चार मिनिटं झाली होती.